तीन समुपदेशक, तीन तऱ्हा

"ताई, नमस्कार. मी कराडचा, वय 43, एका पतसंस्थेत शाखाधिकारी. गेल्या श्रावणात पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि एकदम छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरेना. आता संपलं, असंच वाटलं. बायकोनं शिरवळला दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. पुढे साताऱ्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट सगळं झालं. ते म्हणाले, हार्ट ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका. त्यानंतर सात-आठ वेळा तसंच झालं. आता खिशात सॉर्बिट्रेट ही हृदयविकाराची गोळी आणि हातात पाण्याची बाटली असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. सॉर्बिट्रेट ओळखीच्या मेडिकलवाल्यानं दिली. प्रीतिसंगमावरचं सकाळचं फिरणं बंद झालं. पुण्याला तर गेलोच नाही. (वडील अटॅकनं गेले, तेव्हा 44 चे होते.)

मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डर (अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा आजार) सांगून गोळ्या लिहून दिल्या. सवय लागेल म्हणून घेतल्या नाहीत, पाकीट दोन महिने कपाटात आहे. त्याऐवजी समुपदेशन करून पाहिलं. पहिल्या मॅडम नुसतं ऐकून घ्यायच्या. चार वेळा गेलो, बरं वाटायचं, पण उपाय काही सांगितला नाही. मग पुण्याचे एक सर, ऑनलाइन. त्यांनी पहिल्याच दिवशी तक्ता भरायला दिला, दुसऱ्या वेळी मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. मला चक्कर यायला लागली, मी फोन ठेवला, परत गेलो नाही. सध्या ज्या बाईंकडे जातो त्या वडिलांविषयीच विचारतात. वडील जाऊन 27 वर्षं झाली, त्यांचा बोगद्याशी काय संबंध? बायको म्हणते, पैसे मोजून गप्पा मारायला जाता, त्यापेक्षा नरसोबाच्या वाडीला जाऊन या. मला एवढंच सांगा, या तिघांत बरोबर कोण?"

नमस्कार,

थेट उत्तर आधी देते. तिघांपैकी कुणीही तुम्हाला फसवलेलं नाही. तिघंही आपापल्या शाखेचं, अभ्यासानं सिद्ध झालेलं काम करत होते. पण तुमच्या आजच्या तक्रारीला सगळ्यांत जवळचं काम पुण्याच्या सरांचं होतं, आणि नेमका उपचार सुरू झाला तिथेच तुम्ही फोन ठेवलात. त्यात दोष तुमचा कमी आणि सरांचा जास्त, ते पुढे येईल.

गडबड अशी आहे की 'समुपदेशन केंद्र' या एकाच पाटीखाली निदान डझनभर पद्धती चालतात, आणि आत गेल्यावर आपल्या वाट्याला कोणती येणार हे बहुतेक जण सांगतच नाहीत. पेशंटही विचारत नाही. विचारलं तर आगाऊपणा वाटेल, मॅडमना राग येईल, अशी धास्ती. मग माणूस तीन-चार वेळा जातो, त्याच्या मनातलं समुपदेशन आणि समोर चाललेलं समुपदेशन यांचा मेळ बसत नाही, आणि तो गुपचूप जायचा थांबतो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत 'परत गेलो नाही' हे वाक्य इतक्यांदा येतं की आता त्याचं नवल वाटत नाही.

पहिल्या मॅडमपासून सुरू करू. त्यांनी उपाय सांगितला नाही, कारण त्यांच्या पद्धतीत उपाय सांगायचाच नसतो. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात ही वाट पाडली. समोरच्याला न जोखता, आपलं शहाणपण न लादता, पूर्ण लक्ष देऊन ऐकलं, तर माणूस स्वतःचा मार्ग स्वतः शोधतो, हा त्यामागचा विश्वास. अशा सेशनमध्ये तुमचंच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत तुमच्याकडे परत येतं. "म्हणजे घरी सगळे तुमच्या जिवावर आहेत आणि तुम्हाला घाबरायची मुभाच नाही, असं काहीसं वाटतं का?" एवढंच. मग शांतता. कुणी गेल्याचं दुःख असेल, लग्न टिकवायचं की मोडायचं हा पेच असेल, किंवा आयुष्यात कुणी कधी धड ऐकूनच घेतलेलं नसेल, तर ही पद्धत फार मोलाची आहे. आपल्याकडे सल्ला द्यायला सगळे तयार असतात, मावशीपासून रिक्षावाल्यापर्यंत. ऐकणारा मिळत नाही.

पण पॅनिकला नुसतं ऐकून घेणं सहसा पुरत नाही. दर आठवड्याला तुम्ही धडधडीची हकिगत सांगणार, हलकं होऊन घरी येणार, आणि फिरणं बंद ते बंदच, पुणं लांब ते लांबच. मॅडमनी दोन-तीन भेटींनंतर तुम्हाला सांगायला हवं होतं की या तक्रारीसाठी वेगळं, नेमकं तंत्र आहे, हवं तर मी पत्ता देते. चांगले समुपदेशक असं सांगतात, आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही.

आता सर. त्यांची पद्धत म्हणजे सीबीटी, अर्थात कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. विचार आणि वागणूक या दोन्ही टोकांकडून काम करणारी. फिलाडेल्फियाचे डॉ. आरन बेक मुळात मनोविश्लेषण, म्हणजे जुन्या आठवणी आणि नात्यांत शिरून मनाचा तळ शोधणारी पद्धत, शिकलेले. पेशंटच्या मनात क्षणार्धात चमकून जाणाऱ्या वाक्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि 1960 च्या दशकात त्यांनी त्यावर नवी उपचारपद्धती उभी केली. त्यांच्याही थोडं आधी, 1955 पासून, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी अशाच विचारांची, पण जास्त तिखट पद्धत सुरू केली होती. महाराष्ट्रात ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेनंही ती पुष्कळ पसरवली. त्यामुळे पुण्या-ठाण्याकडचा समुपदेशक तुमच्याशी चक्क वाद घालायला लागला, "सगळं माझ्या ताब्यात राहिलंच पाहिजे, हे कुठे लिहिलंय?" असं विचारायला लागला, तर तो उद्धट आहे असं समजू नका. वाद घालणं हाच त्यांचा औषधाचा डोस. काहींना तो मानवतो, काहींना झोंबतो.

तुमच्या सरांनी दिलेला तक्ता कशासाठी होता? त्यातली एक ओळ साधारण अशी भरली जाते. मंगळवार सकाळ, शाखेतली मीटिंग. आधी जाणवलं ते कॉलरखाली आलेला घाम. मनात आलेलं वाक्य, 'सुरू झालं, आता सगळ्यांसमोर कोसळणार.' भीती शंभरापैकी 80. काय केलं, तर पाणी प्यायलो आणि उठून बाहेर गेलो. पंधरा मिनिटांत ओसरलं.

पुढच्या सेशनमध्ये समुपदेशक ती ओळ घेऊन बसतो.

"आजवर असं आठ वेळा झालं. कितीदा कोसळलात?"

"एकदाही नाही."

"का नाही कोसळलात?"

"वेळेवर पाणी प्यायलो ना."

सगळा उपचार या उत्तरावर येऊन ठेपतो. आठ वेळा तुम्ही वाचलात, पण त्याचं श्रेय मनानं बाटलीला दिलं, सॉर्बिट्रेटला दिलं, बायको शेजारी होती याला दिलं. तुमच्या हृदयाला ते एकदाही मिळालं नाही. म्हणून नवव्या वेळीही भीती तेवढीच. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये पॅनिकचं हे चक्र नीट मांडलं. शरीरात काहीतरी किरकोळ होतं, जिना चढल्यावरची धडधड, उन्हातली भोवळ, जास्तीचा चहा. मन त्याचा अर्थ 'अटॅक' असा लावतं. त्या अर्थानं भीती, भीतीनं आणखी धडधड, आणि ती धडधड म्हणजे अटॅकचा आणखी एक पुरावा. तुमच्या शाखेतला सायरन उंदीर फिरला तरी वाजतो ना, तसंच. सायरन खराब नसतो, जरा जास्तच दक्ष असतो. पण दर वेळी तो वाजला म्हणून तुम्ही शाखाच बंद करून घरी जायला लागलात, तर उंदीर होता की चोर, हे कधी कळणारच नाही.

जोरजोरात श्वास घ्यायला लावणं हे त्यासाठीच होतं. भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानं डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. गंमत म्हणजे श्वास पुरत नाही असंही वाटतं. म्हणजे बोगद्यात झालं तेच, फक्त इथे खुर्चीत बसून, मुद्दाम, एका मिनिटात. श्वास पूर्ववत केला की तेही पूर्ववत. वहीत लिहायचं, बोगद्यासारखं यातलं काय काय वाटलं आणि भीती किती आकड्यावर गेली. मग पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. पुढे अरुंद स्ट्रॉमधून श्वास घेणं, फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं, दोन मजले धावत चढणं. ज्या जाणिवांना तुम्ही घाबरता त्या तुम्हीच निर्माण करायच्या आणि त्या जातातही, हे शरीराला दाखवून द्यायचं. दमा, फिट्स किंवा हृदयविकार असलेल्यानं मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. तुमच्या हृदयाच्या तपासण्या स्वच्छ आहेत, तरी आधी एकदा विचारून घ्या. आणि चक्कर येऊन पडाल ही भीती असेल तर एवढं सांगते की पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, घसरत नाही. त्यामुळे भोवळ वाटली तरी खरोखर शुद्ध हरपणं क्वचितच होतं.

हे सगळं तुम्हाला आधी समजावून सांगायला हवं होतं. चांगला सीबीटीवाला दोन-तीन भेटी हे चक्र कागदावर काढण्यात घालवतो, तुमच्या आठ प्रसंगांची उदाहरणं त्यात बसवतो, आणि श्वासाचा व्यायाम आधी स्वतः करून दाखवतो. समोर माणूस लाल होऊन धापा टाकतोय आणि मग हसतोय, हे पाहिल्यावर निम्मी भीती तिथेच जाते. दुसऱ्याच भेटीत, तेही पडद्यावरून, न सांगता तुमच्या गळ्यात घालणं ही सरांची घाई झाली. पण पद्धत चुकीची नव्हती.

त्यापुढचा भाग तुमच्या कराडातच होण्यासारखा आहे. समुपदेशक तुमच्याकडून पायऱ्या काढून घेईल, सोप्याकडून अवघडाकडे. प्रीतिसंगमावर बाटलीशिवाय एक फेरी. आगाशिवच्या लेण्यांपर्यंत चढून जाणं, छाती भरून येईपर्यंत. एसटीनं एकट्यानं सातारा. मग बायको गाडी चालवत असताना बोगदा, आणि शेवटी तुम्ही एकटे, स्टिअरिंगवर. एकेका पायरीवर भीती ओसरेपर्यंत, किंवा निदान भीती असूनही काही होत नाही हे कळेपर्यंत, टिकून राहायचं. अर्ध्यात पळालात तर मन तोच धडा पुन्हा पक्का करतं. ब्रिटनमधल्या, उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पॅनिकसाठी अशा उपचाराचे एकूण 7 ते 14 तास सांगितले आहेत. म्हणजे आठवड्याला एक भेट धरली तर साधारण तीन महिने. तेवढ्यात वहीतले आकडे खाली यायला लागलेले दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर समुपदेशकाशी तसं स्पष्ट बोलायचं.

सॉर्बिट्रेटचं मध्येच सांगून टाकते. ती रक्तवाहिन्या सैल करणारी, अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यावरची गोळी आहे. ती घेतल्यावर डोकं दुखू शकतं, रक्तदाब उतरून गरगरू शकतं, धडधडही वाढू शकते. म्हणजे ज्याला घाबरून तुम्ही ती खिशात बाळगता, तेच ती करू शकते. हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली नसेल तर त्यांना विचारा आणि परत करा. वडील लवकर गेले म्हणून वर्षातून एकदा हृदयाची, साखरेची, कोलेस्टेरॉलची तपासणी करून घेणं रास्तच आहे. दर महिन्याला ईसीजी काढणं हे मात्र आजाराचंच लक्षण. थायरॉइड तपासलेला नसेल तर तेवढा तपासा, तो वाढला तरी अशी धडधड होते. आणि चालताना-चढताना छातीत दाब येऊन थांबल्यावर जात असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर ते पॅनिकच्या खात्यात न टाकता तडक दवाखाना गाठायचा.

आता सध्याच्या बाई, ज्या वडिलांविषयीच विचारतात. त्यांची परंपरा फ्रॉइडच्या मनोविश्लेषणापासून आलेली, आणि आपल्या देशात ती काही नवी नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्येच कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली होती. सिनेमात पेशंट ज्यावर पडून बोलतो तो सोफा तुम्हाला तिथे बहुधा दिसणार नाही, समोरासमोर दोन खुर्च्याच असतात. पण लय संथ. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ. तुम्ही मनात येईल ते बोलायचं. बाई अधूनमधून दोन गोष्टींमधला धागा दाखवतात. तुम्ही उशिरा आलात, रागावलात, फी द्यायला विसरलात, तर त्यावरही बोलणं होतं, कारण बाहेरच्या नात्यांत तुम्ही जे करता ते त्या खोलीतही करता, असं ही पद्धत मानते. ठरावीक मुदतीची, 24 सेशनची, खास पॅनिकसाठी बेतलेली आवृत्तीही अभ्यासली गेली आहे, पण एरवी हे काम कित्येक महिने, कधी वर्षं चालतं.

वडिलांचा बोगद्याशी संबंध काय, असं तुम्ही विचारता. तुमचंच पत्र वाचा. हृदयाच्या सगळ्या तपासण्या, सगळी लक्षणं तुम्ही सविस्तर लिहिलीत. वडील अटॅकनं गेले हे मात्र कंसात, एका ओळीत. ते गेले तेव्हा तुम्ही 16 वर्षांचे होतात. तुम्ही आता 43 आहात. बाईंना तो कंस दिसला असणार, म्हणून त्या तिथेच घुटमळतात. मलाही ते वावगं वाटत नाही. माझं मत एवढंच, की आधी प्रीतिसंगम आणि पुणं परत मिळवा, मग वडिलांकडे या. घराबाहेर पडताना बाटली शोधणाऱ्या माणसाला जुन्या दुःखात उतरायला बळ कमी पडतं. काही तज्ज्ञ उलट क्रम सांगतील, तेही प्रामाणिकपणे. तुमच्या बाईंना हे पत्र दाखवलंत तरी चालेल.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, कोणत्याही पद्धतीत दोन-चार सेशन अशी येतात की बाहेर पडताना आत गेलो त्याहून वाईट वाटतं. रडू येतं, झोप मोडते, चिडचिड होते. दोन-तीन दिवसांत ते निवळलं तर काळजी नको. पण समुपदेशक स्वतःच्याच संसाराच्या गोष्टी सांगत बसत असेल, दुसऱ्या पेशंटचे किस्से ऐकवत असेल, बाहेर भेटू या म्हणत असेल, तुमच्या जातीवर, धर्मावर, बायकोवर शेरे मारत असेल, तर उठून या. तीन सेशनमध्ये गॅरंटी देणारा, पूर्वजन्मात नेणारा, सही बदलून स्वभाव बदलणारा, यांच्या वाटेला जाऊच नका. आणि 'पॉझिटिव्ह विचार करा' एवढंच सांगून फी घेणाऱ्यांचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. ते तुम्हाला तुमच्या पानवाल्यानंही फुकट सांगितलं असतं.

बाकीच्या पद्धतींची नावं कानावर पडतील. अपघात, अत्याचार यांच्या आठवणी छळत असतील तर ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगतात. बघायला अजब वाटतं, पण आघातानंतरच्या त्रासावर त्याला चांगला आधार आहे. स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी, भावनांचा उद्रेक न आवरणाऱ्यांसाठी डीबीटी, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी पद्धत. व्यसनासाठी गट आणि व्यसनमुक्ती केंद्र, जसं पुण्याचं 1986 पासूनचं मुक्तांगण. नवरा-बायकोचं, मुलांचं असेल तर सगळ्यांना एकत्र बसवणारा कुटुंबोपचार. तुम्हाला यातलं आज काही नको.

बायकोला मात्र एका सेशनला बरोबर न्या. त्या दिवशी त्यांनीच तुम्हाला शिरवळपर्यंत नेलं. तेव्हापासून बाटली भरून देणं, सोबत येणं, 'तुम्ही नका जाऊ, मी जाते' म्हणणं, हे सगळं प्रेमापोटीच चाललेलं असणार. पण त्याचा फायदा आजाराला होतो. केव्हा सोबत करायची आणि केव्हा मुद्दाम मागे राहायचं, हे त्यांनाही कुणीतरी शिकवायला हवं, आणि गप्पा आणि उपचार यांतला फरक त्यांना समोर बसून दिसला तर वाद मिटेल. वाडीला जायला माझी काहीच हरकत नाही. दत्ताचं दर्शन घ्या, बासुंदी खा. फक्त वाडीच्या रस्त्यावर बोगदा नाही, हे दोघांनीही ध्यानात असू द्या.

पुढचा समुपदेशक निवडताना पाटीवरच्या पदव्यांनी दिपून जाऊ नका. चार दिवसांचा कोर्स करूनही लोक समुपदेशक अशी पाटी लावतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा, खरा माणूस विनातक्रार देतो. गोळ्या समुपदेशक लिहू शकत नाहीत, त्या डॉक्टरांनीच लिहायच्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. पहिल्याच फोनवर विचारा, "मला पॅनिकचा त्रास आहे. तुम्ही यावर कोणत्या पद्धतीनं काम करता, साधारण किती सेशन लागतील, आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवायचं?" याचं उत्तर साध्या मराठीत मिळालं नाही तर दुसरा नंबर लावा. सरांकडेच परत जावंसं वाटलं तर तेही शक्य आहे. "सर, त्या दिवशी घाबरून फोन ठेवला. आधी समजावून सांगा आणि हळू घ्या, मी करायला तयार आहे," एवढं म्हटलं की पुरे. पेशंट मधूनच गेला म्हणून रागावणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. सध्याच्या बाईंना सोडायचं ठरलं तर गुपचूप गायब होऊ नका, एका भेटीत तसं सांगून निघा. त्या निरोपाच्या सेशनमध्ये बऱ्याचदा महिन्याभरात न निघालेलं निघतं.

पतसंस्थेत कळेल ही धाकधूक तुम्ही लिहिली नाहीत, पण असणार. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आहे. अपवाद मोजके. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, न्यायालयानं मागितलं, किंवा लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार समोर आला तर. चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगतो. पैशांचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत एका सेशनला हजार-दोन हजार हे आता नवल राहिलेलं नाही, आणि दाखल न होता घेतलेलं समुपदेशन बहुतेक विमा पॉलिसींत बसत नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार विभाग चालतो, साताऱ्याला जाऊन चौकशी करा. 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, ऑक्टोबर 2022 पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रात्री दोनला धडधड सुरू झाली तर आणि विशेषतः जगणं नको असं कधी मनात आलं तर, तो फिरवायला संकोच करू नका.

राहिलं कपाटातलं पाकीट. गोळीचं नाव पत्रात नाही. पॅनिकसाठी दोन प्रकारच्या गोळ्या बहुतेक वेळा लिहिल्या जातात. एक, ताबडतोब शांत करणारी, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या जातीची. तिची सवय लागू शकते, म्हणून ती थोड्या दिवसांपुरती आणि मोजून देतात. दुसरी एसएसआरआय जातीची, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी. तिची तशी सवय लागत नाही, पण ती एकदम बंदही करायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत उलट जास्त अस्वस्थ वाटू शकतं. पॅनिकचा पेशंट नेमका तेव्हाच घाबरून गोळी सोडतो, म्हणून डॉक्टर अगदी छोट्या डोसनं सुरुवात करतात. गोळी आणि सीबीटी एकत्र चालू शकतात, एकानं दुसऱ्याचा मान जात नाही. नुसती सीबीटीही अनेकांना पुरते. तुम्हाला यातलं काय लागेल हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पाकीट दोन महिने जुनं आहे, ते आज रात्री आपल्या मनानं सुरू करू नका. घेऊन त्यांच्याकडे जा आणि घेतल्या नाहीत हे सरळ सांगा.